शंभरांत किती जणांना मधुमेह?

सकाळचे सात वाजलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराशी पाहणी करणारी बाई उभी आहे. पिशवीत ग्लुकोमीटर, स्ट्रिपांची डबी, ग्लुकोजची पुडी, कंबर मोजायची टेप. काल संध्याकाळी येऊन ती बजावून गेली होती, ‘उद्या मी येईपर्यंत काही खाऊ नका.’ दार उघडतं. यादीत नाव आहे नवऱ्याचं आणि तो सहालाच कामाला निघून गेलाय. बायको म्हणते, ‘मग माझंच घ्या की रक्त. मीही उपाशीच आहे.’

पाहणीवालीला हो म्हणावंसं वाटतं, पण तिला ते चालत नाही. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघाली त्याचंच रक्त हवं. ती उद्या परत येणार, लागलं तर परवाही.

‘शहरात इतके टक्के मधुमेही’ असं आपण वाचतो तो आकडा अशा हजारो दारांवरून गोळा झालेला असतो. निदान तसा व्हायला हवा. दिवसा घरी सापडतात ती माणसं सहसा वयानं मोठी, निवृत्त किंवा आजारी. धडधाकट तरुण बाहेर असतात. घरी सापडेल त्याची साखर मोजत गेलं, तर आकडा फुगतो. तपासणी शिबिरांचं तर विचारूच नका. तिथे रांगेत उभा राहतो तो बहुधा ज्याला आधीच शंका आहे, किंवा ज्याच्या आईवडिलांना शुगर होती असा. शिबिरातल्या टक्केवारीला शहराची टक्केवारी म्हणून छापणं म्हणजे दवाखान्यातल्या बाकावरची डोकी मोजून गावात ताप किती ते सांगणं.

मग सरळ विचारलं तर? ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ या प्रश्नाला माणसं खोटं बोलत नाहीत, पण बऱ्याच जणांना खरं ठाऊकच नसतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार जगात २० ते ७९ वयाचे ५३.७ कोटी लोक मधुमेही होते आणि त्यांतल्या जवळपास ४५ टक्क्यांना त्याचा पत्ताच नव्हता. वाढलेली साखर दुखत नाही. तहान, वारंवार लघवी, थकवा ही लक्षणं साखर बरीच चढल्यावर दिसतात, आणि तीही ‘वयानं होतं असं’ म्हणून खपून जातात. म्हणून बोटाला सुई टोचल्याशिवाय हा आजार मोजता येत नाही.

आणि खरी गुंतागुंत सुई टोचल्यानंतर सुरू होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक, या मधुमेह ठरवण्याच्या तीन रूढ रेषा. वाचताना वाटतं की तिन्ही एकच गोष्ट तीन बाजूंनी दाखवतात. तसं नाही. उपाशीपोटीची साखर मुख्यतः यकृत रात्रभर रक्तात किती साखर सोडत राहिलं ते सांगते. ग्लुकोजनंतरची साखर स्नायूंनी ती किती चटकन उचलली ते सांगते. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, सुमारे तीन महिन्यांची गोळाबेरीज. पण तांबड्या पेशींचं आयुष्य कमीजास्त झालं, रक्तक्षय असला, तर ही गोळाबेरीजही चुकते. एकाच माणसाचे तीन अहवाल तीन वेगळी उत्तरं देऊ शकतात. आशियाई वंशाच्या अनेकांची उपाशीपोटीची साखर ठीक असते आणि बिघाड फक्त ग्लुकोज प्यायल्यावर उघडा पडतो.

याचा परिणाम किती मोठा असतो, ते भारताच्या उदाहरणावरून दिसतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची ‘इंडियाब’ पाहणी २०२३ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाली. एक लाख तेरा हजारांवर लोक, घरोघरी जाऊन, उपाशीपोटी आणि ग्लुकोजनंतर अशी तपासणी. अंदाज निघाला १०.१ कोटी मधुमेही. पुढच्याच वर्षी एका जागतिक संशोधक गटानं याच देशासाठी, जवळपास त्याच काळासाठी, २१.२ कोटी हा आकडा दिला. एका वर्षात मधुमेही दुप्पट झाले नव्हते. दुसऱ्या गटानं उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी यांपैकी काहीही एक वाढलेलं असलं तरी माणूस मधुमेह्यांत धरला होता. जाळ्याची वीण बदलली की हाती लागणाऱ्या मासळीचा हिशेबही बदलतो.

रेषासुद्धा दगडावर कोरलेल्या नाहीत. १९९७ पर्यंत उपाशीपोटीची मर्यादा १४० होती. त्या वर्षी अमेरिकन मधुमेह संघटनेनं ती १२६ वर आणली, आणि १३० साखर घेऊन झोपलेला माणूस सकाळी मधुमेही म्हणून उठला. १२६ हा आकडा हवेतून आला नव्हता. त्यामागे डोळ्यांच्या पडद्याच्या तपासण्या होत्या: साखर साधारण या पातळीच्या वर गेली की पडद्यावरच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांची खराबी झपाट्यानं वाढताना दिसते. शिवाय दवाखान्यात लक्षणं नसलेल्या माणसाला मधुमेही ठरवण्याआधी डॉक्टर तपासणी पुन्हा करून घेतात. पाहणीत दुसरी खेप परवडत नाही, म्हणून एकाच दिवशीच्या नमुन्यावर शिक्का बसतो. त्यात थोडे चुकून आत आलेले असतातच.

एवढं सगळं सांभाळून मोजल्यावरही शहर आणि गाव यांतला फरक मात्र ठसठशीत उरतो. महासंघाच्या २०२१च्या हिशेबात जगभरात शहरी प्रौढांत मधुमेहाचं प्रमाण १२.१ टक्के, ग्रामीण भागात ८.३ टक्के. इंडियाबमध्ये शहरात १६.४, खेड्यात ८.९.

शहर माणसाच्या शरीराला नक्की काय करतं? याची एक बाजू स्नायूत दिसते. मांडीचा स्नायू आकुंचन पावला की पेशीच्या पोटात दडलेली साखरेची दारं, म्हणजे ग्लुट-४ नावाची प्रथिनं, पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. गंमत म्हणजे यासाठी इन्सुलिनची परवानगी लागत नाही. चालणाऱ्या माणसाकडे साखर खाली आणायचा हा दुसरा रस्ता असतो. दिवसभर खुर्चीत, मग वाहनात, मग लिफ्टमध्ये गेलेल्या माणसाचा तो बंद राहतो आणि सगळा भार एकट्या इन्सुलिनवर पडतो. त्यात पोटाभोवतीची आणि यकृतातली चरबी इन्सुलिनचं ऐकू देत नाही. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी काही वर्षं जादा काम करून निभावतात, नंतर मात्र दमतात. तुटलेली झोप, रात्रपाळी आणि धुराची हवा या गोष्टींचाही मधुमेहाशी संबंध आढळला आहे, पण त्यातलं नेमकं किती कशामुळे ते वेगळं काढणं अवघड जातं.

इथे एक घोळ नेहमी होतो. ‘शहरात मधुमेह वाढला’ याचा अर्थ दरवर्षी जास्त लोकांना तो होऊ लागला असाच धरला जातो. हौदातलं पाणी दोन कारणांनी चढतं: नळ मोठा सोडला म्हणून, किंवा खालची मोरी तुंबली म्हणून. मधुमेही माणूस उपचारांमुळे पूर्वीपेक्षा पंधरा वर्षं जास्त जगला, तर तो पंधरा वर्षं जास्त मोजला जातो. काही श्रीमंत देशांत २००६ नंतर नव्यानं मधुमेह होण्याचा दर थांबला किंवा उतरला, तरी तिथला एकूण आकडा चढतच राहिला. ही बातमी वाईट नाही. वयाचंही तसंच. म्हाताऱ्यांचं शहर आणि तरुणांचं शहर यांची टक्केवारी वय जुळवून न घेता शेजारी ठेवली, की तुलना फसलीच.

पण मला सगळ्यात खटकतो तो ‘शहरी’ हा एकच शब्द. शहर म्हणजे एक माणूस नव्हे. चेन्नईत १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन वस्त्या तपासल्या गेल्या. मध्यमवर्गीय वस्तीत मधुमेह १२.४ टक्के निघाला, गरीब वस्तीत ६.५. तेव्हा हा पैसेवाल्यांचा आजार होता, असं म्हणायला आधार होता. इंडियाबच्या २०१७च्या अहवालात पारडं फिरलेलं दिसतं: चंडीगढच्या शहरी भागात खालच्या आर्थिक गटात २६.९ टक्के आणि वरच्या गटात १२.९. महाराष्ट्र आणि तमिळनाडूच्या शहरांतही दिशा तीच, फरक लहान. श्रीमंत देशांतल्या शहरांत हे आधीच घडून गेलेलं आहे.

मग प्रश्न उरतो तो असा: गरीब वस्तीत मधुमेह जास्त दिसतो, तो तिथल्या माणसांमुळे की त्या वस्तीमुळे? याचं उत्तर मिळवायचं तर माणसं तीच ठेवून वस्ती बदलावी लागेल, आणि असं कोण करू देणार? अमेरिकेत मात्र ते घडलं. १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांतल्या अत्यंत गरीब वस्त्यांमधल्या सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे साडेचार हजार कुटुंबांची सोडत काढली गेली. काहींना चांगल्या वस्तीत भाड्यानं घर घेण्यासाठी मदत, काहींना कुठेही घर घेता येईल अशी मदत, काहींना काहीच नाही. दहा ते पंधरा वर्षांनी त्या घरांतल्या बायकांचं रक्त तपासलं. काहीच न मिळालेल्या गटात सुमारे २० टक्के जणींचं एचबीएवनसी मधुमेहाच्या रेषेच्या वर होतं. चांगल्या वस्तीची मदत मिळालेल्या गटात हे प्रमाण सुमारे १६ टक्के होतं. आणि हेही बघा, या गटातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांनीच ती मदत वापरून घर बदललं होतं. न हललेल्यांनाही त्याच गटात धरून हा फरक निघाला.

त्या बायकांना कुणी आहार शिकवला नव्हता, व्यायामाला लावलं नव्हतं, गोळी दिली नव्हती. नव्या वस्तीत नेमकं काय उपयोगी पडलं, रात्री निर्धास्त चालता येणारा रस्ता, जवळचं चांगलं दुकान, की दाराबाहेर गोळीबार नसल्यानं लागलेली झोप, हे त्या प्रयोगातून वेगळं काढता आलं नाही. सोडतीत बदलला होता तो फक्त पत्ता.