मेंदूला कळणारे डावे-उजवे

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रोज उसाच्या रसाचा पोल, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने मोजलेले साखरेचे प्रमाण, काढतात. रस निवळून नळीत भरायचा, त्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडायचा आणि ते प्रतल किती फिरले ते मोजायचे. साखरेचे रेणू ते उजवीकडे फिरवतात. ज्या साखर उताऱ्यावर उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, ठरते, त्याच्या हिशेबात हा आकडा लागतो.

प्रकाश फिरतो तो रेणूच्या डाव्या-उजव्या घडणीमुळे. अणू तेच, बंध तेच, पण मांडणी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी. असे दोन रेणू कसेही फिरवले तरी एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. १८४८ साली पंचविशीतल्या लुई पाश्चरने टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असे दोन तऱ्हांचे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले. दोन्हींच्या द्रावणांनी प्रकाश विरुद्ध दिशांना फिरवला.

आता कागल ओलांडून निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात येऊ. तंबाखूतले निकोटीन जवळजवळ सगळे डाव्या जातीचे, प्रकाश डावीकडे फिरवणारे. झाड ते किडींपासून बचावासाठी बनवते. मज्जापेशी एकमेकींना निरोप देताना ॲसिटिलकोलीन वापरतात आणि निकोटीन नेमकी त्याचीच नक्कल करते. ॲसिटिलकोलीनचे काम झाले की एक विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करते. निकोटीनवर मात्र त्या विकराचे काही चालत नाही. त्यामुळे किडीच्या मज्जापेशी उद्दीपितच राहतात, ती थरथरते आणि मरते. माव्यावर तंबाखूचा काढा फवारायची जुनी पद्धत चालते ती यामुळेच.

गंमत अशी की खुद्द ॲसिटिलकोलीनला डावे-उजवे नाहीच. पण त्याला धरणारा ग्राही (मज्जापेशीवरचा रिसेप्टर) प्रथिनाचा असतो, आणि प्रथिने एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनतात. म्हणून ग्राहीच्या खोबणीला डावे-उजवे कळते. पांढऱ्या उंदरांवरच्या प्रयोगांत हे वागण्यातून दिसले. नैसर्गिक निकोटीन टोचले असेल तर एक कळ दाबायची, नुसते मिठाचे पाणी टोचले असेल तर दुसरी, मग खाऊ मिळणार, असे उंदरांना शिकवले. पुढे त्यांना आरशातले, उजवे निकोटीन दिले. तेव्हाही त्यांनी निकोटीनचीच कळ दाबली, पण त्यासाठी मात्रा कितीतरी पट जास्त लागली.

मला याहून विलक्षण वाटते ती डी-सेरीनची कथा. अमिनो आम्लांच्या आरशातल्या दोन रूपांना एल आणि डी म्हणतात. प्राण्यांच्या शरीरात ती एल-रूपातच कामाची, असे बराच काळ मानले जाई. १९९२ मध्ये उंदराच्या मेंदूत सेरीन या अमिनो आम्लाचे उलटे, डी-रूप भरपूर सापडले. १९९९ मध्ये ते बनवणारे विकरही हाती लागले. शिकण्यात आणि आठवणीत महत्त्वाचा असलेला एनएमडीए नावाचा ग्राही उघडायला ग्लुटामेट हा मज्जापेशींचा दुसरा निरोप्या एकटा पुरत नाही. सोबतीला ग्लायसीन किंवा डी-सेरीन लागते, आणि साध्या एल-सेरीनला ते काम जमत नाही. ज्या उंदरांत या विकराचे जनुकच काढून टाकले, त्यांच्या मेंदूतले डी-सेरीन सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले. ते प्रमाणाबाहेर चळवळे झाले आणि जागा लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडले.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांनाही डी-सेरीन देऊन पाहिले गेले आहे. मात्र मोठ्या मात्रेत ते पांढऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडांना इजा करते. त्यामुळे माणसांवरच्या चाचण्यांत मूत्रपिंडांवर बारीक लक्ष ठेवावे लागते.