लिनक्सवरील ऑडिओ लेटन्सी

माइकमध्ये शिरलेला आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये येईपर्यंत जाणारा वेळ म्हणजे लेटन्सी. गोरेगाव-अंधेरीच्या घरगुती स्टुडिओत, आधी मुद्रित केलेल्या लेहऱ्यावर तबला वाजवताना ती दहा-बारा मिलिसेकंदांपुढे गेली, की द्रुत लयीत बोल मागे ओढल्यासारखे वाटू लागतात.

साउंडकार्ड आवाजाची देवाणघेवाण ठरावीक तुकड्यांत करते. अशा एका तुकड्याला पीरियड म्हणतात आणि तो फ्रेममध्ये, म्हणजे आवाजाच्या एका क्षणाच्या नमुन्यांत, मोजतात. ४८,००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० फ्रेम घेताना, ६४ फ्रेमचा पीरियड १.३३ मिलिसेकंदांचा, १२८ चा २.६७. यूएसबी कार्डांना जॅक या ऑडिओ सर्व्हरमध्ये (प्रोग्रॅम आणि कार्ड यांच्यात आवाज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोनऐवजी तीन पीरियड सहसा मानवतात. पाइपवायर या दुसऱ्या ऑडिओ सर्व्हरचा मूळ क्वांटम, म्हणजे त्याचा तुकडा, १०२४ फ्रेमचा असतो, म्हणजे २१ मिलिसेकंद. तो आधी उतरवावा.

तुकडा किती लहान चालेल हे प्रोसेसरच्या सरासरी वेगावर ठरत नाही, त्याच्या सर्वांत वाईट क्षणावर ठरते. ऑडिओचे काम एकदा जरी वेळेत उरकले नाही तरी एक्सरन होतो आणि कानात 'टक्' वाजते. म्हणून वापरकर्त्याला ऑडिओ गटात घालून लिमिट्सच्या फाइलीत आरटीप्रायो (ऑडिओच्या कामाला मिळणारे प्राधान्य) ९५ आणि मेमलॉक (मेमरीत अडवून ठेवता येणारी जागा) अनलिमिटेड करावे. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला विसरू नये. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवावा, बूटच्या ओळीत थ्रेडआयआरक्यूज (हार्डवेअरच्या हाकांनाही प्राधान्यक्रम लावता यावा यासाठीचा पर्याय) जोडावे. कर्नलला वेळेची हमी पाळायला लावणारे प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्ये आले आहे. पण १२८ फ्रेमसाठी त्याची सहसा गरज पडत नाही.

एवढे करूनही टकटक राहिली तर वायफाय बंद करून पाहावे. कार्ड हबवर न लावता थेट पोर्टात लावावे, वेबकॅम दुसऱ्या कंट्रोलरवर हलवावा. मुंबईत आणखी एक कारण हमखास असते. माइकमध्ये आवाज जाऊ नये म्हणून पंखा-एसी बंद केलेल्या खोलीत मे महिन्यात लॅपटॉप तापतो, प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो आणि सकाळी बिनबोभाट चाललेला ६४ फ्रेमचा पीरियड दुपारी चालत नाही.

जॅकने दाखवलेल्या आकड्यात कन्व्हर्टर (आवाजाचे आकड्यांत आणि परत आवाजात रूपांतर करणारा भाग) आणि यूएसबीचा वेळ धरलेला नसतो. खरा आकडा हवा तर कार्डाचे आउटपुट केबलने इनपुटला जोडून जॅक-आयोडिले हा मोजणीचा प्रोग्रॅम चालवावा. नुसता माइकचा आवाज ऐकायचा असेल तर कार्डावरचे डायरेक्ट मॉनिटरचे बटण पुरते; त्याने आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. ही खटपट संगणकातून घडून येणारा आवाज ऐकत वाजवणाऱ्यासाठी आहे, म्हणजे गिटारचे प्लगइन (आवाज बदलणारे सॉफ्टवेअर) किंवा मिडी कीबोर्ड (ज्याचा आवाज संगणक तयार करतो) वाजवणाऱ्यासाठी. २५६ फ्रेमवरून सुरुवात करून एकेक पायरी उतरावे, प्रत्येक पायरीवर सगळे ट्रॅक आणि प्लगइन चालू ठेवून अर्धा तास एक्सरन मोजावेत.