लवादाच्या निवाड्याचे पाकीट फेकू नका
भाषांतर व टायपिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांना माहिती

ट्रॅक्टर, ट्रक किंवा धंद्याच्या कर्जाबद्दल लवादाचा (कोर्टाबाहेर वाद मिटवण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा) निवाडा आला की निपाणी, चिकोडी, खानापूरकडचे ग्राहक तो घेऊन आमच्याकडे येतात आणि बहुतेक सगळे एकच सांगतात, "आम्हाला नोटीसच मिळाली नाही, आमचं कुणी ऐकूनच घेतलं नाही." ही तक्रार कायद्यात बसते. लवाद नेमल्याची किंवा सुनावणीची रीतसर नोटीस मिळाली नसेल, बाजू मांडता आली नसेल, तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्ट निवाडा रद्द करू शकते. हिशेब पटला नाही एवढ्या कारणावर मात्र कोर्ट प्रकरण पुन्हा उकरत नाही.

खरी अडचण मुदतीची. निवाड्याची लवादाने सही केलेली प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे कोर्टालाही मुभा नाही. प्रत १० जूनला मिळाली तर १० सप्टेंबर, फार तर १० ऑक्टोबर. निवाड्यावरची तारीख वेगळी, पोस्टात टाकल्याची वेगळी, तुमच्या हाती पडल्याची वेगळी. मुदत मोजायची ती तिसरीपासून, आणि तिचा पुरावा म्हणजे पाकीट. तेच लोक टाकून देतात. मग पोस्टाकडून नोंद मिळवण्यात दिवस जातात आणि समोरचा वकील आधीची तारीख धरून बसतो.

म्हणून पाकीट जपा. कुणी घेतले, कधी घेतले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. व्हॉट्सॲप, ईमेलवर आलेल्या नोटिसाही पुसू नका. आणि पोस्टमनला परत पाठवू नका; 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की सहसा नोटीस पोहोचली असेच धरतात. फायनान्स कंपनीच्या शाखेत तडजोडीचे बोलणे चालू आहे म्हणूनही थांबू नका, मुदत चालूच राहते.

करारातले लवादाचे कलम आधी वाचा. लवादाचे ठिकाण चेन्नई किंवा मुंबई लिहिले असेल तर निवाड्याला आव्हान तिथल्या कोर्टात द्यावे लागते. वसुलीची दरखास्त (निवाड्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) मात्र तुमची मालमत्ता इथे असल्याने बेळगावात येऊ शकते. निवाडा रद्द करण्याचा नुसता अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, २०१५ च्या दुरुस्तीपासून स्थगिती वेगळी मागावी लागते. लवाद फायनान्स कंपनीने एकटीनेच नेमला असेल तर तेही वकिलांना सांगा. अशा एकतर्फी नेमणुकीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. मल्टिस्टेट सोसायटीच्या वादात नेमणुकीची पद्धत वेगळी असते, तिथे हा मुद्दा जसाच्या तसा लागू पडत नाही.

आम्ही वकील नाही. अर्ज करायचा की नाही हे तुमचे वकील ठरवतील. आमचे काम मराठी कागदांचे कन्नड आणि इंग्रजी भाषांतर, अनुक्रमणिका आणि संच. "महत्त्वाचं तेवढंच करा" असे सांगितले तरी आम्ही पान अर्धवट करत नाही, शिक्के आणि पोस्टाचे शेरेसुद्धा उतरवतो. यावर काहीजण नाराज होतात. पण नोटीस मिळाली की नाही या वादात 'घर बंद' असा एक शेरासुद्धा महत्त्वाचा ठरू शकतो. सांगाल ती तारीख आम्ही टाईप करत नाही, कागदावर असेल तीच करतो.

येताना पाकीट, निवाडा, करार आणि आलेल्या सगळ्या नोटिसा एकत्र आणा. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा आणि निवाड्याच्या शेवटच्या पानाचा फोटो आधी पाठवलात तर किती पाने, किती खर्च आणि काम कधी मिळेल हे लगेच सांगतो. त्याचे पैसे घेत नाही. मुदत जवळ आलेले काम आधी हातात घेतो, त्यालाही जादा आकार नाही.