भाऊ, चौथी सीडी कधी टाकायची?

रेड हॅट लिनक्स ९ ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम आली मार्च २००३च्या अखेरीस. नागपुरात तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. एकाने कुठून तरी संच मिळवायचा, बाकीच्यांनी बर्डीच्या बाजारातून कोऱ्या सीडी आणून प्रती काढायच्या, अशी रीत. संचात सहा सीडी असत. आमच्या लॅबमध्ये ती मशीनवर चढवताना एक ज्युनियर तिसरी सीडी संपेपर्यंत मशीनजवळ बसून राहिला आणि मग पुढची हातात घेऊन म्हणाला, "भाऊ, चौथी कधी टाकायची?"

ती टाकायचीच नव्हती. चौथी, पाचवी आणि सहावी या सीडींवर पहिल्या तिघींतल्याच पॅकेजांचा, म्हणजे तयार प्रोग्रामच्या गठ्ठ्यांचा, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) होता. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा प्रोग्राम वाटणाऱ्याने त्याचा सोर्सही उपलब्ध करून द्यावा लागतो, म्हणून त्या सीडी असत. प्रत काढताना मात्र मार्करने नुसता आकडा लिहिला जाई आणि 'सोर्स' हा शब्द गळून पडे. पॉकेटमनीतून कोऱ्या सीडी घेणाऱ्या मुलांचा निम्मा खर्च त्या एका शब्दापायी वाया जाई, याची मला अजून हळहळ वाटते.

नेमकं काय लागतं हे आधी सांगण्याची सोय खरं तर जुनी आहे. पॅट्रिक व्होल्केर्डिंगने जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर या लिनक्सची पहिली आवृत्ती काढली, ती साडेतीन इंची २४ फ्लॉपींची होती. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावे. पसारा वाढला तशा फ्लॉपींच्या मालिका वाढल्या आणि प्रत्येकीला अक्षर मिळालं. 'ए' म्हणजे मूळ सिस्टिम, 'एन' म्हणजे नेटवर्क, 'एक्स' म्हणजे ग्राफिकल पडदा, 'डी' म्हणजे कंपायलर वगैरे प्रोग्राम बनवायची साधनं, 'वाय' म्हणजे खेळ. खेळ नको असतील तर 'वाय'च्या फ्लॉपी उतरवायच्याच नाहीत. माझ्या मते इतकी सरळ मांडणी पुढे कुणी केली नाही. सीडी आली, एकीवर ६५० ते ७०० एमबी मावू लागले, आणि अक्षरांच्या जागी नुसते क्रमांक आले.

क्रमांकांमागचा विचार सर्वांत नीट केला तो डेबियन या लिनक्सने. त्याची २००२ मधली वूडी नावाची आवृत्ती सात सीडींची होती, जून २००५ मधली सार्ज चौदा सीडींची. चौदा आकडा ऐकूनच लोक माघार घेत. पण सार्जमध्ये पंधरा हजारांहून जास्त पॅकेजं होती आणि साध्या डेस्कटॉपला त्यातली थोडीच लागत. म्हणून पॅकेजं सीडींवर लावताना वर्णक्रम पाळला जात नसे, वापर पाहिला जाई. डेबियनमध्ये 'पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट' नावाचं छोटं पॅकेज आहे. वापरणाऱ्याने होकार दिला तर त्याच्या मशीनवर कोणती पॅकेजं आहेत याची माहिती नाव न कळवता दर आठवड्याला पाठवली जाते. या आकड्यांवरून जास्त वापरातली पॅकेजं आधीच्या सीडींवर येत. त्यांना लागणारी इतर पॅकेजंही त्याच किंवा आधीच्या सीडीवर ठेवली जात, नाहीतर दर पाच मिनिटांनी सीडी बदलावी लागली असती. त्यामुळे पहिल्या सीडीवर डेस्कटॉप उभा राही आणि चौदावीचं तोंडही बहुतेकांना पाहावं लागत नसे. पुढे २००७च्या 'एच' आवृत्तीत केडीई आणि एक्सएफसीई हे डेस्कटॉपचे प्रकार हवे असणाऱ्यांसाठी वेगळी पहिली सीडीच निघाली.

रेड हॅटच्या अ‍ॅनाकोंडा इन्स्टॉलरची रीत वेगळी होती. तुम्ही पॅकेजं निवडलीत की कोणत्या सीडी लागतील, हे तो काम सुरू होण्याआधी पडद्यावर सांगे. पण तोवर सगळ्या सीडी राइट झालेल्या असत.

हा हिशेब इतका जिवावर का येई, ते वेगावरून कळेल. डायल-अपवर सेकंदाला ५ केबी मिळाले, तर ७०० एमबीच्या एका सीडीला सुमारे ४० तास. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, २५६ किलोबिटचं, म्हणजे सेकंदाला ३२ केबीचं. पुढे त्याच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड मोजलं जात नसे. त्या सहा तासांत पूर्ण वेग टिकला तर सुमारे ६९० एमबी उतरत, म्हणजे रात्रीला जेमतेम एक सीडी. चौदा सीडी म्हणजे दोन आठवड्यांची जागरणं. उबुंटू या लिनक्सने २००४ मध्ये सगळं एकाच सीडीत बसवलं आणि शिपइट योजनेतून ती टपालाने फुकट पाठवली. नागपुरात तिचं इतकं अप्रूप का होतं, हे त्या हिशेबातच आहे. ती योजना २०११ मध्ये बंद झाली.

आता सीडी-ड्राइव्हच उरले नाहीत. २०१७च्या डेबियन ९पासून सीडींचे पूर्ण संच निघणंही थांबलं. निवड मात्र करावीच लागते. नेट चांगलं असेल तर नेटइन्स्ट ही डेबियनची छोटी प्रत घ्यावी आणि बाकीची पॅकेजं थेट सर्व्हरवरून येऊ द्यावीत. पूर्वी यात वायफायची अडचण होती, कारण वायफाय कार्ड चालवायला लागणारं फर्मवेअर अधिकृत प्रतीत नसे. जून २०२३च्या डेबियन १२पासून ते आत आलं आहे. गडचिरोलीकडच्या एखाद्या शाळेत नेटशिवाय मशीन बसवायचं असेल, तर फक्त पहिली डीव्हीडी पेन ड्राइव्हवर न्यावी. डेस्कटॉप आणि ऑफिसची पॅकेजं तिच्यावरच आहेत.