संचकार झालाय, खरेदी व्हायची आहे

बेळगावात वडगाव-शहापूरकडे कुणी ‘घर घेतलाव’ म्हणत पेढे पुढे केले की मी विचारतो, संचकार (म्हणजे इसार देऊन करार) झाला की खरेदी? पुष्कळदा उत्तर येतं, ‘संचकार झाला, खरेदी काय होईलच.’ भाव जागच्या जागी असतात तेव्हा खरेदी होतेही. भाव हलायला लागले की मात्र त्या ‘होईलच’मध्येच सगळी गोम असते.

संचकारपत्र, म्हणजे कोल्हापूरकडचं साठेखत, हा पुढे विकण्याचा करार आहे. त्यानं मिळकतीवर हक्क निर्माण होत नाही, असं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्येच लिहिलंय. मालकी बदलते ती सबरजिस्ट्रारकडे खरेदीखत नोंदल्यावर. तोवर घर विकणाऱ्याचं, आणि तुमच्या हातात फक्त त्याचा शब्द. शब्द लेखी आहे, कोर्टात चालतो, पण शब्दच.

समजा अनगोळात ४० लाखांना घर ठरलं. ४ लाख संचकार, म्हणजे इसाराची रक्कम, आणि सहा महिन्यांची मुदत. मधल्या काळात रिंग रोडची चर्चा उठली आणि शेजारचं तसलंच घर ४६ ला गेलं. आता मालक फोन उचलत नाही, उचलला तर ‘तुमचे चार लाख घेऊन जावा’ म्हणतो. उलटंही होतं. भाव ३५ वर आला की घेणाऱ्याचं मन फिरतं आणि आता मालक संचकार जप्त म्हणतो. दोघांनाही वाटतं की कागद आपल्या बाजूचा आहे.

घेणाऱ्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करार पुरा करून देण्याचा हुकूम देणं हे कोर्टाच्या मर्जीवर उरलेलं नाही. पण उरलेले पैसे द्यायला आपण तयार होतो आणि आहोत, हे दाखवावं लागतं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा घालावा लागतो. आणि बेळगावच्या कोर्टात दावा घालणं म्हणजे घर मिळणं नव्हे, हे सांगायला वकील लागत नाही.

खरी भीती वेगळी आहे. मालकानं तेच घर तिसऱ्याला रीतसर खरेदी देऊन टाकलं, आणि त्या तिसऱ्यानं पूर्ण पैसे देऊन, तुमच्या कराराचा पत्ता नसताना घेतलं, तर तुमचा साधा बाँडवरचा कागद त्याच्यापुढे टिकत नाही. म्हणून संचकारपत्रसुद्धा नोंदवून घ्यावं. नोंदलेला करार ई.सी.मध्ये, म्हणजे बोजाच्या दाखल्यात दिसतो, मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला कुणाला जागा राहत नाही. थोडा खर्च येतो, पण ४ लाखांपुढे तो काहीच नाही.

मुदत लांबण्याचं एक कारण आपल्याकडे हमखास सापडतं. २०२४ च्या शेवटापासून शहर हद्दीतल्या मिळकतीची नोंदणी ई-खात्याशिवाय, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन खाते उताऱ्याशिवाय, होत नाही. मालक म्हणतो, ‘अर्ज दिलाय, येईल.’ तो येईपर्यंत भाव सरकतोच, सरकारी खर्चही सरकतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क १ वरून २ टक्के झालं. जुलैत संचकार करून ऑक्टोबरात खरेदीला गेलेल्याला ४० लाखांवर ४० हजारांचा जादा फटका, भाव एक रुपयानं न वाढता. ई-खातं हातात नसताना मोठी रक्कम देऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

ताबा मिळाला म्हणून निर्धास्त होणारेही खूप आहेत. संचकार, मुखत्यारपत्र, किल्ली, वर आपल्या नावावरचं लाईट बिल. अशा कागदांनी मालकी येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय ताब्यासह करार केला तर कर्नाटकात मुद्रांक शुल्क जवळपास खरेदीखताइतकंच लागतं. ते वाचवायला ‘ताबा दिला’ हे वाक्य गाळतात आणि किल्ली मात्र देतात. पुढे भांडण झालं की ताबा कशाच्या आधारावर, याचं उत्तर कागदात नसतं.

जुन्या शहापुरातल्या घरांत आणखी एक अडचण. संचकारावर सही करतो थोरला भाऊ, कारण घरात तोच राहतो. खरेदीला मात्र सगळे वारस लागतात. बहिणी गडहिंग्लज, चंदगड, पुण्याला दिलेल्या. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच. भाव वाढल्याचं कळलं की इतकी वर्षं ‘मला काय नको’ म्हणणारी अक्का वाटा मागते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही. संचकाराच्या दिवशीच सगळ्यांच्या सह्या घेतल्या तर हा प्रश्न त्याच दिवशी उघडा पडतो.

आता मसुदा. कर्ज मंजूर झालं नाही तर संचकार परत, ही ओळ घालून घ्यावी, कारण बाजार पडतीला लागला की बँकेचा माणूस घराची किंमत कमी धरतो आणि कर्जाची रक्कम खाली येते. मालक फिरला तर किती, आपण फिरलो तर किती, हे दोन्ही आकडे लिहावेत. पैसे बँकेतूनच द्यावेत. मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेल्याचा पुरावाही राहत नाही.

आणि मसुदा बहुतेक कन्नडमध्ये असतो. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे आजोबांच्या वेळचा कागद मराठीत, क्वचित मोडीतही सापडतो, पण आजची सही कन्नड मजकुराखाली करायची असते. दलालानं तोंडी सांगितलेला अर्थ धरून चालू नये. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, मुदतीची तारीख आणि संचकार जप्तीचं कलम, एवढं तरी कन्नड वाचणाऱ्या आपल्या माणसाकडून आदल्या दिवशी वाचून घ्यावं. सबरजिस्ट्रारच्या दारात त्याला वेळ मिळत नाही.