गुळाच्या पाण्याने आंबा गोड होत नाही

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये आंब्याच्या बुंध्याशी गुळाचं पाणी ओतणारे एक तरी काका भेटतातच. "मुळातून गोडी वर चढते," हा त्यांचा ठाम हिशेब. चढत नाही.

मुळं वर पाठवतात ते पाणी आणि क्षार, जलवाहिन्यांतून. साखर पानात तयार होते आणि सालीलगतच्या रसवाहिन्यांतून सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या, रूपात फळाकडे जाते. पानातल्या पेशी ऊर्जा खर्चून साखर नळीत भरतात, तिच्यामागे पाणी आत शिरतं, दाब वाढतो आणि रस कमी दाबाच्या टोकाकडे सरकतो. दाबाने रस वाहतो ही कल्पना जर्मनीच्या अर्न्स्ट म्यूंश यांनी १९३० मध्ये मांडली. फांदीची साल कड्यासारखी सोलली की कापाच्या वरच्या काठाला हळूहळू फुगवटा येतो. खाली निघालेली साखर तिथेच अडते.

वाशी मार्केटमधून जून कैरी आणा, कापा, फोडीवर आयोडीनचा थेंब टाका. डाग निळा-काळा पडतो, कारण साखर स्टार्च होऊन साठलेली असते. पिकताना त्याचीच पुन्हा साखर होते. उसाची तऱ्हा वेगळी, तो पेशींतल्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे द्रवाच्या पिशव्यांमध्ये, थेट सुक्रोजच भरून ठेवतो.

मग तो गूळ? मातीतले जिवाणू खातात, उरलेला मुंग्या. जीवामृतात, म्हणजे शेण-गोमूत्राच्या खतात, गूळ असतो तोही जिवाणूंसाठीच. घट्ट पाक ओतलात तर उलट मुळातलंच पाणी बाहेर ओढलं जाईल. काकांनी त्यापेक्षा पानांना ऊन मिळतंय का ते बघावं. आमच्याकडे ते समोरचा टॉवर अडवतो, हा भाग निराळा.