हद्दपारी ही शिक्षा नव्हे!

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले. त्यात महाराष्ट्रातलेही तिघे होते. हद्दपार केलेल्या या लोकांना बेड्या घालून आणल्यावरून आपल्याकडे गदारोळ झाला, पण अशा माणसांना तिथल्या कोर्टात दाद मागता येते की नाही, हा प्रश्न मागेच राहिला. त्याचं उत्तर शोधायला १८९३ पर्यंत मागे जावं लागतं.

आदल्या वर्षीच्या गिअरी कायद्याने अमेरिकेतल्या चिनी मजुरांना रहिवासाचा दाखला सक्तीचा केला होता. दाखला नसेल तर आपण आधीपासून इथेच राहतो हे सांगणारा साक्षीदार हवा, आणि तो गोरा हवा. एका मजुराकडे साक्षीदार होते, पण ते चिनी, म्हणजे नसल्यासारखेच. फाँग युए टिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा उचलून धरला आणि हद्दपारी ही गुन्ह्याची शिक्षा नव्हे, असा निकाल दिला. घरदार, धंदा, मुलंबाळं सोडून जायला लावणं ही शिक्षा नसेल तर काय, हे सांगणं अवघड आहे. तीन न्यायमूर्तींनाही ते पटलं नव्हतं. पण निकाल टिकला. शिक्षा नाही म्हणून ज्युरी नाही, आणि सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्कही नाही. आजही स्थिती तीच आहे. वकील हवा तर पदरमोड करायची.

निदान म्हणणं ऐकून तरी घ्या, हे तत्त्व १९०३ मध्ये आलं. सिअ‍ॅटलला उतरलेल्या काओरू यामाताया या जपानी मुलीची चौकशी तिला न कळणाऱ्या इंग्रजीत झाली होती. बाजू मांडायची संधी न देता कुणालाही बाहेर काढता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तिचा खटला मात्र फेटाळला.

ऐकणार कोण, हा पुढचा पेच. कित्येक वर्षं चौकशी इमिग्रेशन खात्याचे निरीक्षकच करत. १९४० मध्ये न्याय खात्यात अपील मंडळ आलं. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ‘इमिग्रेशन जज’ हे नाव १९७३ मध्ये मिळालं, आणि १९८३ मध्ये ही कोर्टं इमिग्रेशन खात्यापासून वेगळी झाली. तरीही हे जज न्याय खात्याचे प्रमुख असलेल्या अ‍ॅटर्नी जनरलच्या हाताखालीच राहिले. अपील मंडळाचा निर्णय अ‍ॅटर्नी जनरल स्वतः फिरवू शकतात.

या वाटेवरचं सर्वांत गाजलेलं नाव भारतीय वंशाचं आहे. केनियात जन्मलेले जगदीश राय चढ्ढा विद्यार्थी म्हणून अमेरिकेत आले आणि व्हिसा संपल्यावर अडकले. १९७४ मध्ये जजने त्यांची हद्दपारी थांबवली. मात्र अशा ३४० नावांतली सहा नावं प्रतिनिधिगृहाने, म्हणजे तिथल्या संसदेच्या एका सभागृहाने, चर्चेविना नामंजूर केली. त्यात चढ्ढा होते. मग त्याच प्रकरणाची फाइल पुन्हा उघडून हद्दपारीचा आदेश निघाला. चढ्ढा अपील मंडळाकडे हरले, पुढे सर्किट कोर्टात, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या खालच्या अपील न्यायालयात, जिंकले, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच सभागृहाचा हा नकाराधिकार घटनाबाह्य ठरवला.

प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती, म्हणजे वकिलांच्या बोलीतलं ‘मोशन टू रीओपन’, जुनीच आहे. ती नाकारल्याची तक्रार १९१६ पासून न्यायालयांपुढे येते आहे. तिला कायद्यात जागा मिळाली १९९६ मध्ये, आणि त्याबरोबर मुदतीही आल्या. जजची कायदेशीर चूक दाखवायची तर ३० दिवस, नवा पुरावा आणायचा तर ९० दिवस. तारखेला गैरहजर राहिल्याने आदेश निघाला असेल आणि कारण गंभीर असेल, तर १८० दिवस. नोटीसच मिळाली नव्हती असं दाखवता आलं तर मुदत नाही. त्यामुळे नोटीस कशाला म्हणायचं, यावर वर्षानुवर्षं वाद चालले. पहिल्या कागदावर सुनावणीची तारीख-वेळ नसली तरी नंतरच्या नोटिशीत असेल तर पुरे, असा निकाल २०२४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी लागला.

१९९६ च्या त्याच कायद्याने सीमेवर पकडलेल्यांसाठी झटपट हद्दपारीचीही सोय केली. तिथे आदेश अधिकारीच काढतो. मायदेशी जिवाला धोका आहे किंवा छळ होईल असं सांगितलं तर प्रकरण जजपर्यंत जाऊ शकतं. एरवी फेरविचार मागायला मुळात कोर्टच नसतं.